क्रेन दारात, भाव जमिनीवर

‘वाचक विचारतात’ या सदरात या वेळी भंगारात जाणाऱ्या गाड्यांचे प्रश्न घेतले आहेत. पत्रं वेगवेगळ्या गावांची असली तरी तक्रार एकच आहे. फोनवर एक भाव ठरतो, आणि गाडी न्यायला आलेला माणूस दारात उभा राहून तो कापतो.

प्रश्न : माझी २००८ची अल्टो, आरसीवर वजन ७२० किलो. दोघांनी १९,००० आणि २०,००० सांगितले, तिसऱ्याने २४,००० सांगितले म्हणून त्याला होकार दिला. क्रेन घेऊन आलेल्या मुलांनी दहा मिनिटं बॉनेटमध्ये डोकं घालून ‘इंजिन जाम आहे, खालून गंज आहे, टायर बसलेत, पासिंग संपलंय, १६,५००च्या वर जमणार नाही’ असं सांगितलं. क्रेन रिकामी परत पाठवणं बरं वाटेना, म्हणून दिली. माझं कुठे चुकलं? — एक वाचक, नाशिक

दारातल्या घासाघिशीत तुमचं फारसं चुकलं नाही. चूक त्याच्या आधी झाली. दोघे जण १९-२० हजारांवर थांबले असताना तिसरा त्याच गाडीला न बघता चार हजार जास्त देतो, तेव्हा तो भाव नसून आमिष असतं. फोनवर बोलणारा बहुतेक वेळा मध्यस्थ असतो. गाडी त्याला नको असते, तुमचा पत्ता हवा असतो. पुढे तो ज्याला पत्ता देतो त्या गोदामवाल्याने २४,००० कधी कबूलच केलेले नसतात. म्हणून फोनवर पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. ‘पैसे तुम्ही देणार की दुसरं कोणी? न्यायला येणारा माणूस तुमचाच का?’ एवढं विचारलंत की निम्मे मध्यस्थ गळतात.

आता ती चार कारणं एकेक करून बघू.

इंजिन जाम. गाडी वजनावर विकली जात असेल तर या कारणाला काडीचाही अर्थ नाही. जाम इंजिनचं वजन चालू इंजिनाएवढंच भरतं. फरक पडतो तो गाडी ‘पार्टवर’ घेतली असेल तर, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, दरवाजे सुटे विकायच्या हिशोबाने. म्हणून फोनवरच विचारून ठेवायचं: भाव काट्यावर की पार्टवर? पार्टवर असेल तर गाडी सुरू होतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ आधीच पाठवा. सुरू होत नसेल तर तसं स्पष्ट लिहा.

गंज. गंजून पत्रा गळला असेल तर तेवढं वजन काट्यावर आपोआप कमी भरेल. काट्यावरही कमी आणि वर गंजाचे वेगळे कमी, हा एकाच गोष्टीचा दोनदा कापलेला कडता झाला.

टायर बसलेत. हवा नसल्याने वजन घटत नाही. गाडी ओढून क्रेनवर चढवायला त्रास होतो, एवढं मात्र खरं. पण हवा भरणं दहा मिनिटांचं काम आहे आणि आदल्या दिवशी पंक्चरवाल्याला बोलावून उरकता येतं. चाकंच नसतील किंवा हँडब्रेक धरून चाकं जाम असतील, तर मात्र त्याची अडचण खरी आहे. चावी हरवली असेल तरी खरी, कारण स्टीअरिंग लॉक सुटत नाही आणि गाडी वळवता येत नाही. अशा वेळी गाडी उचलून घ्यावी लागते आणि त्याचा खर्च वाढतो.

पासिंग संपलं. भंगारात निघालेल्या बहुतेक गाड्यांचं पासिंग संपलेलंच असतं. केंद्राच्या २०२१च्या स्क्रॅपिंग नियमांत नोंदणीचं नूतनीकरण न झालेली गाडी भंगारासाठी स्वीकारण्याची सोय स्पष्टपणे आहे. हे कारण ऐकलं की समोरचा तुम्हाला किती माहिती आहे ते चाचपतोय, असं समजा.

दारात एकूण रकमेवर वाद घालू नका, तिथे तोच जिंकतो. शांतपणे म्हणा, ‘कुठल्या गोष्टीचे किती, ते वेगवेगळं सांगा. मी लिहून घेतो.’ साडेसात हजारांची फोड करायला सांगितली की ‘गंजाचे दोन, इंजिनचे तीन’ अशी हवेतली बेरीज सुरू होते आणि ती त्याची त्यालाच जड जाते. मग तो फोन काढतो आणि ‘शेठशी बोलतो’ म्हणतो. बोलू द्या. त्या वेळात तुम्ही २०,००० वाल्याला फोन लावा आणि तो भाव आजही आहे का विचारा. दुसऱ्या क्रमांकाचा भाव खिशात असणं हीच तुमची खरी ताकद. तो असा शिल्लक ठेवायचा तर पहिला सौदा ठरल्यावर इतरांना ‘विकली’ असं कळवायचं नाही, ‘गाडी उचलली गेली की सांगतो’ म्हणायचं.

क्रेनची दया तर करूच नका. डिझेल, दोन माणसांचा रोज आणि अर्धा दिवस, एवढं त्याचं आधीच खर्च झालेलं असतं. रिकामा परत गेला तर नुकसान त्याचं होतं, तुमची गाडी आहे तिथेच उभी राहते. हे त्याला पक्कं ठाऊक असतं, तुम्हाला नसतं एवढंच. बऱ्याचदा ‘राहू द्या, नंतर बघू’ म्हणून फाटक लावायला घेतलं की कापलेल्यातले निम्म्याहून अधिक पैसे परत चढतात. नाही चढले, तर २०,००० आहेतच.

प्रश्न : फोनवर ठरलेलं लेखी घ्या असं सगळे सांगतात. पण भंगारवाला करारनामा करून देतो का? लिहायचं तरी काय? — एक वाचिका, छत्रपती संभाजीनगर

करारनामा कोणी देत नाही आणि त्याची गरजही नाही. व्हॉट्सॲपवर तुम्ही पाठवलेला एक संदेश आणि त्यावर त्याचं ‘हो, मान्य’ एवढं पुरतं. साधारण असं लिहा:

‘गाडी अमुक, साल अमुक, आरसीवर वजन इतके किलो. पाच चाकं आहेत, हवा आहे, चावी आहे. बॅटरी आहे. सायलेन्सर कंपनीचा, कॅट (सायलेन्सरच्या नळीवरचा धूर स्वच्छ करणारा डबा) आहे. इंजिन सुरू होत नाही. मागचं बंपर नाही. कर्ज नाही. गाडी सोसायटीच्या फाटकाजवळ मोकळ्या जागेत उभी आहे. रक्कम इतकी, टोचनाचा (गाडी ओढून नेण्याचा) खर्च तुमचा, पैसे गाडी हलण्याआधी खात्यात. बॅटरी नसती तर किती कमी आणि कॅट नसता तर किती कमी, तेही आत्ताच सांगा. हा भाव अमुक तारखेपर्यंत. मान्य असल्यास लिहा.’

यातली बॅटरी-कॅटची ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. दोन्ही वस्तू असतानाही ‘नसत्या तर किती’ हे विचारून ठेवलं की कपातीचं दरपत्रक आधीच ठरतं. मग दारात कोणी कॅटवर बोट ठेवलं तर वाद एवढाच उरतो, की तो आहे की नाही. किती कापायचे हा प्रश्न संपलेला असतो.

सोबत फोटो पाठवा: चारही बाजू, बॉनेट उघडून बॅटरी दिसेल असा, आतल्या सीट, डिकीतली स्टेपनी, आणि मोबाइल जमिनीजवळ धरून गाडीखालचा एक. आरसीचा फोटो अनोळखी माणसाला पाठवताना चासी आणि इंजिन क्रमांक झाकून पाठवा. व्यवहार पक्का झाल्यावर ते दिसणारच आहेत.

उणिवा लपवू नका. मागचं बंपर नाही हे तुम्ही आधी सांगितलंत तर ते भावात धरलं जातं. दारात सापडलं तर त्या एका बंपराच्या नावावर आणखी तीन गोष्टी कापल्या जातात.

प्रश्न : ‘आज लोखंडाचा भाव पडला’ म्हणून ४,००० कमी केले. भाव असा एका दिवसात पडतो का? — एक वाचक, बीड

पडतो, पण एवढा नाही. आपल्याकडच्या भंगाराचा मोठा गिऱ्हाईक जालना. तिथल्या भट्ट्यांत भंगार वितळवून सळया होतात, आणि तिथला दर रोज हलतो. पण तो टनाला सांगतात. टनाला १,००० रुपयांनी पडला तर किलोला एक रुपया झाला. तुमची गाडी ८०० किलोंची असेल तर फरक ८०० रुपयांचा. चार हजार कमी करायला दर एका रात्रीत टनाला ५,०००ने कोसळायला हवा. तसा कोसळला असेल तर त्याला आजचा दर मोबाइलवर दाखवायला सांगा. भंगाराचा धंदा करणाऱ्या प्रत्येकाकडे तो रोज सकाळी येतो.

प्रश्न : किलोच्या भावाने बोललो होतो. आरसीवर ८४५ किलो आहे, काट्यावर ७१० भरलं. काटा मारला असं वाटतं. कसं ओळखायचं? — एक वाचक, इचलकरंजी

आधी खरा फरक किती पडू शकतो ते बघू. गाडीचं वजन थेट करत नाहीत. ट्रक रिकामा तोलतात, मग गाडी चढवून तोलतात आणि वजाबाकी करतात. वाहनकाट्यावर आकडा सहसा ५ किंवा १० किलोंच्या टप्प्याने पुढे सरकतो, म्हणजे दोन वजनांत मिळून १०-२० किलो इकडेतिकडे झाले तर त्यात लबाडी नाही. टाकीत पेट्रोल नसणं, स्टेपनी आणि बॅटरी काढलेली असणं यातही तीसेक किलो सहज जातात. पण तुमचा फरक १३५ किलोंचा आहे. गाडीतून मोठं काही काढलेलं नसेल तर हा हिशोब जुळत नाही.

घोळ दोन ठिकाणी होतो. रिकामा ट्रक तोलताना केबिनमध्ये दोन-तीन माणसं बसलेली असतात आणि मागे साखळ्या, जॅक, जुने टायर असतात. भरलेला तोलताना माणसं खाली उतरलेली असतात आणि सामान गायब. दोन माणसं म्हणजे दीडशे किलोंच्या आसपास, तुमचा आकडा इथेच येतो. दुसरी जागा म्हणजे भरलेला ट्रक उभा करताना एक चाक काट्याच्या पाट्याबाहेर किंवा कडेवर ठेवायचं. वजन कमी दिसतं आणि खिडकीतून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही.

म्हणून दोन्ही वेळा स्वतः हजर राहा. दोन्ही वेळा केबिन रिकामी करायला लावा, ट्रकला एक फेरी मारून बघा आणि सगळी चाकं आत आहेत का ते पाहा. दोन्ही पावत्या घ्या. त्यांवर ट्रकचा क्रमांक एकच हवा आणि वेळ छापलेली हवी. सकाळी सातला दुसरीकडे केलेलं ‘रिकामं वजन’ चालवून घेऊ नका. काटा शक्यतो त्याच्या गोदामातला नको, रस्त्यावरचा सार्वजनिक हवा. अशा काट्यांची वैधमापन विभागाकडून दर वर्षी तपासणी व्हावी लागते आणि प्रमाणपत्र काट्याच्या खोलीत लावलेलं असतं. त्यावरची तारीख बघायला लाजू नका.

एक सोपा उपायही आहे. काट्यावर जायचंच नाही, ‘आरसीवरचं वजन धरून उक्ती रक्कम’ ठरवायची. लहान गाडीला हेच बरं. काट्याची फेरी, तिचा खर्च आणि अर्धा दिवस हे सगळं २०-३० किलोंसाठी परवडत नाही.

आणखी एक. ‘काच, फोम, प्लास्टिक वजा’ असं सांगून दहा-पंधरा टक्के कापतात. गाडीत लोखंड साधारण ६५ ते ७० टक्केच असतं, हे खरं. पण आख्ख्या गाडीचा किलोभाव निव्वळ लोखंडाच्या भावापेक्षा कमी असतो तो यासाठीच. काच-फोम त्या भावात आधीच वजा झालेले आहेत.

प्रश्न : ‘कॅट नाही’ म्हणून ऐन वेळी ५,००० कापले. कॅट म्हणजे काय, आणि तो आहे की नाही हे मला कसं कळावं? — एक वाचिका, ठाणे

कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. धुराचं विष कमी करणारा, सायलेन्सरच्या नळीवरचा फुगीर डबा. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम या धातूंचा अगदी पातळ थर असतो. ईकोसारख्या गाड्यांचे सायलेन्सर रात्रीतून चोरीला जातात ते या थरासाठीच. चार महानगरांत १९९५पासून नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला.

तो शोधायचा तर इंजिनपासून नळी मागे जाते त्या बाजूने बघा. काही गाड्यांत इंजिनला चिकटून असतो, काहींत पुढच्या सीटखाली. त्याच्या अलीकडे-पलीकडे वायर लावलेला सेन्सर नळीत घुसवलेला दिसतो आणि वरून बऱ्याचदा पत्र्याचं झाकण असतं. गाडीखाली मोबाइल सरकवून काढलेल्या व्हिडिओत हे दिसतं. इंजिन थंड असताना डब्यावर हलकेच ठोकून बघा. पोकळ पिंपासारखा आवाज आला तर आतली जाळी कोणीतरी काढली आहे. खुळखुळ वाजलं तर जाळी फुटली आहे, पण आहे.

आणि इथे भंगारवाल्याची बाजूही मान्य करायला हवी. कॅट खरंच नसेल तर कपात रास्त आहे. गॅरेजमध्ये सायलेन्सर बदलताना बाहेरचा स्वस्त डबा बसवला असेल तरी रास्त आहे, कारण त्यात मौल्यवान धातू नावापुरता असतो. सायलेन्सर कधी बदलला असेल तर जुनी बिलं काढा आणि काय बसवलं होतं ते बघा. रक्कम किती हे मॉडेलवर ठरतं. म्हणून वर सांगितलेली ‘कॅटसह इतके, कॅटशिवाय इतके’ ही ओळ. कॅट स्वतः कापून वेगळा विकण्याचा मोह मात्र टाळा. सुट्या कॅटचा भाव तुम्हाला ठरवता येत नाही, आणि उरलेल्या गाडीचा भाव कॅटच्या किमतीहून जास्त घसरतो.

बॅटरीचं गणित सोपं आहे. बॅटरीच्या कुठल्याही दुकानात फोन करून जुनी दिल्यावर किती सूट मिळते ते विचारा. लहान गाडीच्या बॅटरीला ती हजाराच्या आतबाहेर असते. त्याहून जास्त कोणी कापत असेल तर त्याला तसलीच जुनी बॅटरी दुकानातून आणून द्या.

प्रश्न : मी बंगळुरूला असतो, गाडी सांगलीला आणि घरी आई एकटी. आईसमोर उभं राहून भाव पाडतील याची भीती वाटते. — एक वाचक

पाडतीलच. म्हणून आईच्या हातात निर्णय ठेवूच नका. त्यांना एकच वाक्य सांगून ठेवा: ‘भावाचं मुलाशी बोला, मला त्यातलं काही ठरवायचं नाही.’ हे वाक्य कितीही वेळा म्हणता येतं आणि त्यावर दबाव आणता येत नाही. चावी आणि आरसी आईकडे न ठेवता विश्वासातल्या शेजाऱ्याकडे किंवा नातेवाइकाकडे ठेवा. पैसे तुमच्या खात्यात आल्याचं तुम्ही फोनवर सांगाल तेव्हाच चावी आणि आरसी बाहेर येतील. आदल्या दिवशी गाडी बोळातून किंवा तळघरातून बाहेर, ट्रक उभा राहील अशा जागी आणवून ठेवा. ‘क्रेन आत येत नाही, माणसं लावावी लागतील’ हे कारण तिथेच मिटतं. वेळ सकाळी दहा-अकराची द्या. संध्याकाळी सातला आलेला माणूस ‘आता अंधार झाला, पटकन मिटवा’ म्हणत घाई करतो.

पैसे आल्याचा स्क्रीनशॉट मानू नका, स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघा. ‘हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील’ असं कोणी म्हणालं तर व्यवहार तिथेच थांबवा. यूपीआयने पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात.

प्रश्न : एजंटने ठरलेल्या १८,००० पैकी ९,००० देऊन गाडी आणि मूळ आरसी नेली. उरलेले ‘स्क्रॅपिंगचं सर्टिफिकेट आल्यावर’ म्हणाला. आता म्हणतो चलन निघालं, फक्त ४,००० देईन. — एक वाचक, डोंबिवली

ही कपात दारातली नाही, त्याहून वाईट आहे. गाडी आणि कागद दोन्ही गेल्यावर ‘नाही’ म्हणायला तुमच्या हातात काही उरलं नाही. तरी आता करायचं ते असं. चलनाचा क्रमांक मागा आणि राज्य वाहतूक पोलिसांच्या ई-चलन पोर्टलवर गाडीचा क्रमांक टाकून तारीख बघा. चलन गाडी नेल्यानंतरचं असेल तर ते त्याचंच. नेण्याआधीचं असेल तर चलनाची रक्कम तेवढी वजा होईल, सरसकट पाच हजार नाही. हे सगळं बोलण्यात न ठेवता संदेशावर लिहा. गाडी नेल्याची तारीख, मिळालेली रक्कम आणि उरलेली रक्कम नोंदवा आणि गाडी कुठल्या स्क्रॅपिंग केंद्रात जमा केली त्याचं नाव मागा. नाव सांगत नसेल तर पोलीस ठाण्यात आणि आरटीओत लेखी अर्ज द्या, कारण गाडी अजून तुमच्या नावावर आहे.

ही नुसती कागदाची गोष्ट नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केलं, की गाडी पुढे कितीही हातांतून गेली तरी नोंदवहीत ज्याचं नाव त्याच्यावर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी येते. भंगारात दिलेली गाडी दुरुस्त होऊन रस्त्यावर येते, किंवा तिचा चासी क्रमांक दुसऱ्या गाडीवर चढतो, आणि मग चलनं आणि नोटिसा तुमच्या पत्त्यावर येतात. ज्यांनी गाडी गल्लीतल्या भंगारवाल्याला दिली आहे त्यांनी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५प्रमाणे गाडी मोडीत काढल्याचं १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायला हवी. त्यासाठी चासी क्रमांकाचा कापलेला तुकडा मागतात, तो भंगारवाल्याकडून त्याच वेळी घ्या. फास्टॅग खरडून काढा आणि तो बंद करा.

सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात थेट गेलात तर हे सगळं केंद्र करतं. गाडी जमा झाली की तुमच्या नावाचं ठेव प्रमाणपत्र निघतं आणि गाडी तोडल्यावर स्क्रॅपिंगचं प्रमाणपत्र. काही आठवड्यांनी परिवहनच्या ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून नोंदणी रद्द दिसते का ते तपासा. केंद्रांचा भाव गल्लीतल्या भंगारवाल्यापेक्षा कमी असतो, अशी तक्रार येते. असेलही. पण ठेव प्रमाणपत्राची किंमत त्यात धरा. नवी गाडी घेताना त्यावर मोटार वाहन करात सवलत मिळते. खासगी गाडीला केंद्र सरकारने २५ टक्क्यांपर्यंतची मर्यादा घातली आहे, प्रत्यक्ष दर राज्य ठरवतं आणि तो आरटीओत कळतो. महाराष्ट्रात ८ लाखांच्या पेट्रोल गाडीला ११ टक्क्यांनी कर ८८,००० होतो. सवलत समजा १० टक्के धरली तरी ८,८०० वाचले. गाडी-कंपन्याही अधूनमधून अशा प्रमाणपत्रावर सूट देतात, शोरूममध्ये आधी विचारा. नवी गाडी घ्यायची नसेल तर प्रमाणपत्र दुसऱ्याला हस्तांतरित करता येतं. म्हणजे एजंट तुमच्याशी दोन हजारांवर भांडत असताना प्रमाणपत्र गुपचूप त्याच्या खिशात जात असेल, तर मोठी कपात तीच. भाव विचारतानाच विचारा: प्रमाणपत्र कोणाच्या नावाने निघणार आणि मला कधी मिळणार?

क्रम कायम हा ठेवा: आधी खात्यात पूर्ण पैसे, मग चावी, मग कागद. केंद्र पैसे गाडी तपासल्यावर देत असेल तर गाडी घेतल्याची पावती आणि लेखी रक्कम घेतल्याशिवाय मूळ आरसी सोडू नका.

प्रश्न : गाडी वडिलांच्या नावावर आहे, ते गेले. ‘वारसाची भानगड आहे’ म्हणून एजंट निम्म्यावर आला. — एक वाचिका, नागपूर

भानगड आहे, पण ती निम्म्या किमतीची नाही. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, इतर वारसांचं संमतिपत्र आणि तुमची ओळखपत्रं एवढं तयार ठेवा. केंद्राला फोन करून त्यांना नेमका कुठल्या नमुन्यातला कागद चालतो ते विचारा, कारण काही जण आधी नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून आणायला सांगतात. गाडीवर जुनं कर्ज नोंदलेलं दिसत असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ हवा. कर्ज फिटून दहा वर्षं झाली तरी आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही. हे कागद पूर्ण झाल्यावरच भाव मागा. अपुऱ्या कागदांवर मिळालेला भाव हा त्या कागदांसाठी मारलेल्या चकरांचा असतो, आणि त्या तुम्ही स्वतः कमी पैशांत मारू शकता.

प्रश्न : १,००० रुपये बयाणा घेतला आहे. आता दुसरा दोन हजार जास्त देतो. पहिल्याला नाही म्हटलं तर? — एक वाचक, रत्नागिरी

बयाणा घेतला म्हणजे सौदा झाला. त्याने दारात भाव पाडला तर तुम्ही जे म्हणाल तेच तो आता तुम्हाला म्हणू शकतो. त्याने ठरल्या दिवशी, ठरल्या रकमेत गाडी उचलली तर ती त्यालाच द्या. तो आला नाही किंवा येऊन भाव पाडला, तर तो सौदा त्याने मोडला. त्याला संदेशावर तसं लिहा, हजार रुपये त्याच दिवशी खात्यात परत करा, पावतीचा फोटो पाठवा आणि मग दुसऱ्याला बोलवा. बयाणा घेतानाच ‘अमुक तारखेपर्यंत गाडी न उचलल्यास सौदा रद्द, बयाणा परत’ असं लिहून घेतलं असतं तर हा प्रश्न पडलाच नसता. पावसाळ्यात कोकणात क्रेन चार-चार दिवस उशिरा येते, तेव्हा तारीख थोडी सैल ठेवा.